खाचेतला उजेड

“ताई, ही रेघ बोर्डावर छापूनच येते काय ओ?”

विचारणारा मुलगा पंचविशीतला असेल. आजोबांचा फोटो फ्रेम करायला टाकला होता, तो न्यायला आला होता. फेटा बांधून खुर्चीत ताठ बसलेले आजोबा, शेजारी तिपाईवर फुलदाणी, पाठीमागे स्टुडिओतला रंगवलेला बगीचा. फोटोचा रंग उतरून तपकिरीकडे झुकलेला, म्हणून मी फिकट मातकट माउंट, म्हणजे फोटोभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट, निवडलं होतं आणि त्यात फोटोसाठी कापलेल्या खिडकीपासून दोन सूत, म्हणजे पाव इंच, अंतरावर, चारी बाजूंनी, एक बारीक पांढरी रेघ घेतली होती. फ्रेम काउंटरवर आडवी होती. त्यानं काचेवरूनच त्या रेघेवर बोट फिरवलं आणि विचारलं. मी म्हटलं, “नाही, कापलेली आहे. व्ही ग्रूव्ह म्हणतात त्याला.” तो “असं व्हय” म्हणाला, पैसे दिले आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली फ्रेम मोटारसायकलच्या टाकीवर धरून निघून गेला.

प्रश्न मात्र माझ्याकडे राहिला.

छापलेलं म्हणजे हलकं, असं मी मानत नाही. कोल्हापुरात फ्रेमचं दुकान चालवणाऱ्या माणसानं तसं मानूच नये. आमच्याकडे सगळ्यात जास्त येते ती अंबाबाईची तसबीर, आणि ती छापीलच असते. जुन्या वाड्यांतून रविवर्मा प्रेसची चित्रं येतात. १८९४ साली मुंबईत सुरू झालेल्या आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेल्या त्या छापखान्यानं लक्ष्मी-सरस्वती घराघरात नेल्या. लोकांनी त्या कागदाला हळदकुंकू वाहिलं, हार घातले, पिढ्यान् पिढ्या त्याच्यासमोर निरांजन लावलं. कोपरे काजळलेलं असं चित्र हातात आलं की मी ते अजूनही दोन्ही हातांनी धरते. म्हणजे ‘छापलेलं’ हा शब्द मला लागला नव्हता. लागलं ते वेगळंच. जी रेघ मी इतक्या निगुतीनं कापली होती, ती त्या मुलाला सपाट दिसली. बोर्डाच्या पृष्ठभागावर कुणीतरी पांढऱ्या शाईनं ओढलेली. आणि तो बघत होता त्या जागेवरून, त्या उजेडात, मलाही ती तशीच दिसली.

ग्रूव्हमध्ये रंग नसतो. माउंट बोर्डाचा वरचा रंगीत कागद आणि त्याखालचा थोडा गाभा दोन बाजूंनी तिरका कापून काढून टाकला की जी नाली उरते, ती रेघ. तिथं लावलेलं काहीच नाही, काढलेलंच आहे. दिसतो तो आतल्या गाभ्याचा पांढरेपणा आणि त्याच्या दोन उतारांवर पडलेला उजेड. आता उजेड दोन्ही उतारांवर सारखाच पडला, तर ती नाली आहे हे डोळ्याला कळावं कशावरून?

बाबा ग्रूव्ह हातानं कापायचे. बोर्ड पालथा घालून, मागच्या बाजूनं, पंचेचाळीस अंशांत धरलेल्या ब्लेडनं ग्रूव्हच्या मापाचा चौकोन ते सरळ आरपार काढून घ्यायचे. त्याआधी पाठीवर, कापाच्या रेघेला छेदून, शिसपेन्सिलीची एक छोटी खूण करायचे. ही खूण फार महत्त्वाची. निघालेला तुकडा परत त्याच जागी, त्याच दिशेनं बसवायचा असतो आणि हातानं कितीही सफाईनं कापलं तरी चारही बाजू तंतोतंत सारख्या कधीच नसतात. मग तो तुकडा सुलटा करून त्याच्या चारही कडांची वरची धार उलट्या तिरक्यात तासायची. किती तासली, त्यावर रेघेची रुंदी ठरणार. शेवटी तुकडा जागेवर ठेवून मागून डिंकाची कागदी पट्टी चिकटवायची आणि मग मधोमध फोटोची खिडकी कापायची. बाबांचं माप सुतात. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. “अर्धं सूत घे,” ते म्हणायचे, आणि अर्धं सूत म्हणजे जेमतेम दीड मिलिमीटर. एवढं माप ते नखानं धरायचे. अंगठ्याचं नख कडेला टेकवून ब्लेड सरकवायचे, डोळे जवळजवळ मिटलेले असायचे. मी शेजारी उभी राहून बघायची तेव्हा त्यांचा श्वास ऐकू यायचा. काप चालू असताना श्वास थांबायचा, कोपरा आला की सुटायचा.

मशीन आलं तेव्हा बाबांनी पहिली गोष्ट विचारली ती हीच, की तुकडा परत बसवायची खूण हे कुठं करतं? करतच नाही. कॉम्प्युटरवर चालणारं मॅट कटर, म्हणजे माउंट कापायचं मशीन, तुकडा काढतच नाही. बोर्ड क्लॅम्पमध्ये सुलटा, म्हणजे रंगीत बाजू वर करून बसतो. ब्लेडचं डोकं वरून येतं, बोर्डात ठरलेल्या खोलीपर्यंतच शिरतं, एक तिरका काप घेतं. मग डोकं फिरतं आणि शेजारून, उलट्या तिरक्यात, दुसरा काप. दोन्ही काप पृष्ठभागाखाली एका रेषेत भेटले की मधली चिरी सुटते. एका बाजूला दोन काप, चौकोनाला आठ. बोर्ड पाठीमागून अखंडच राहतो, पट्टी नको, पेन्सिलीची खूण नको. बाबा खाली वाकून, गुडघ्यांवर हात ठेवून, ब्लेडच्या पातळीला डोळा आणून बघत राहिले. “आरपार न जाता थांबतंय,” एवढंच म्हणाले. त्यांच्या तोंडून ती मोठी शाबासकी होती, कारण आरपार न जाता नेमकं थांबणं हातानं जवळपास अशक्य.

पण थांबायचं कुठं, हे मशीनला सांगावं लागतं. इथून माझं काम सुरू होतं. लोकांना वाटतं की आकडा टाकला आणि बटण दाबलं की झालं. तो आकडाच कुठून आणायचा, हा खरा प्रश्न.

पंचेचाळीस अंशांचे दोन काप एकमेकांकडे येत असतील, तर पृष्ठभागावर त्यांच्यात जेवढं अंतर, त्याच्या निम्म्या खोलीवर ते भेटणार. रुंदी एक मिलिमीटर, तर खोली अर्धा. हे शाळेतल्या भूमितीचं. कागदावर ते चटकन सुटतं. बोर्डावर सुटत नाही, कारण ब्लेडचं टोक पातळ असतं आणि बोर्डात शिरताना ते किंचित वाकतं. बोर्डाची जाडी एका गठ्ठ्यातसुद्धा सगळीकडे एक नसते. नेहमीचा फोर-प्लाय, म्हणजे चार थरांचा, बोर्ड दीड मिलिमीटरच्या आतबाहेर, म्हणजे अर्ध्या सुताच्या जवळपास. एवढ्याशा जाडीत ब्लेड मिलिमीटरच्या दहाव्या भागानं कमी गेलं, तर दोन काप भेटतच नाहीत. चिरी खालून धरलेली राहते, ओढली की तंतू उपटून येतात आणि नालीच्या तळाला लव सुटते. तेवढंच जास्त गेलं, तर दोन्ही काप एकमेकांना ओलांडून पुढे जातात. वरून हे अजिबात दिसत नाही. रेघ छान, स्वच्छ दिसते. पण खाली बोर्डाच्या पोटात दोन चिरा पडलेल्या असतात आणि फ्रेम भरताना बोर्ड जरा वाकवला की तो नेमका तिथंच मोडल्यागत वाकतो.

हे बघायची माझी एक रीत आहे. त्याच बोर्डाच्या उरलेल्या पट्टीवर छोटा चौकोन कापायला लावते. चिमट्याचं टोक चिरीच्या एका कोपऱ्यात घालून उचलते. सेटिंग जमलं असेल तर चिरी अख्खी बाजूभर एका दमात निघून येते, एका कडेला रंग, बाकी पांढरी, शेवईएवढी बारीक, आणि टेबलावर पडल्या पडल्या वेटोळं घेते. ती तशी निघाली की बरं वाटतं, पण मी तेवढ्यावर थांबत नाही. नव्या ब्लेडनं ती पट्टी ग्रूव्हला आडवी छेदून कापते आणि छेदाच्या कडेवर पेन्सिलीच्या शिशाची भुकटी बोटानं चोळते. पांढऱ्या गाभ्यात पांढरी चीर दिसत नाही. शिसं तिच्यात जाऊन बसतं आणि ती काळी होते. मग भिंगाखाली धरायचं. वर नुसता इंग्रजी ‘व्ही’ दिसला तर जमलं. त्या ‘व्ही’ला खाली दोन मिशा फुटलेल्या दिसल्या तर खोली कमी करायची. तळ टोकदार न दिसता फाटका दिसला तर वाढवायची, नाहीतर दोन काप जवळ आणायचे. यातलं काय करायचं, हे रेघ किती रुंद हवी त्यावर. खोली आणि रुंदी एकमेकांना बांधलेल्या आहेत. एकीला हात लावला की दुसरी हलते.

कोपऱ्याला तर याहून वेळ लागतो. ब्लेडची धार तिरकी असल्यामुळे काप जिथं सुरू होतो तिथं तो वर आधी आणि तळाला नंतर पोचतो. तळापर्यंत कोपरा स्वच्छ सुटावा म्हणून पृष्ठभागावर ब्लेडला कोपऱ्याच्या केसभर पुढे जावं लागतं. ते केसभर बोटभर झालं की कोपऱ्यातून बाहेर एक बारीक शेपूट दिसतं. आम्ही त्याला ओव्हरकट म्हणतो. गिऱ्हाइकाला ते दाखवावं लागत नाही. त्याला नाव ठाऊक नसलं तरी डोळा तिथंच अडतो. कमी पडलं, तर चिरी कोपऱ्यात अडकून राहते आणि ब्लेडच्या टोकानं ती हातानं सोडवावी लागते. आणि मशीनमध्ये चार कोपऱ्यांचे चार स्वभाव. ब्लेडचं डोकं ज्या अक्षाभोवती फिरतं तो अक्ष आणि ब्लेडचं टोक अगदी एका रेषेत नसतील, तर आडव्या रेघा उभ्या रेघांपेक्षा बारीक येतात. अशा वेळी चौकोनाच्या एका बाजूची सुरुवात मागे घ्यायची, शेवट पुढे न्यायचा, परत कापायचं, परत भिंग. बाबांचं सूत इथं पुरत नाही. उद्यमनगरातले टर्नर ‘दोन थाउ इकडं, दोन थाउ तिकडं’ म्हणत लेथवर काम करतात, म्हणजे इंचाचे हजारावे भाग. ग्रूव्ह लावायला बसले की मला त्यांची भाषा जवळची वाटते.

आणि पावसाळा. कोल्हापूरचा पाऊस ज्यानं बघितला आहे त्याला वेगळं सांगायला नको. जुलैत पंचगंगा पात्राबाहेर येते, भिंतींना ओल सुटते, कपडे वाळत नाहीत. तीच हवा बोर्ड पितो. बोर्ड म्हणजे थरावर थर चिकटवलेला कागदच. दमट हवेत तो मऊ पडतो, थोडा फुगतो, आणि तंतू ज्या दिशेला बसलेले असतात तिला आडवा जास्त पसरतो, म्हणून ताव एका अंगानं वाकतो. उन्हाळ्यात लावलेली खोली तेव्हा चालत नाही. त्याच खोलीला चिरी अर्ध्यात तुटते, वरच्या कागदाच्या कडेला फिसकट येते. मी या दिवसांत बोर्ड आदल्या दिवशीच आणून मशीनच्या खोलीत आडवे ठेवते, वर वजन देते, ब्लेड लवकर बदलते आणि तंतूंच्या दिशेची पट्टी वेगळी, आडवी पट्टी वेगळी तपासते. तंतूंच्या बाजूनं कापलेला ग्रूव्ह नेहमीच जास्त गुळगुळीत येतो. सुती रॅग बोर्ड असेल तर हा फरक कमी, पण त्याचा गाभा मऊ, ब्लेड जरा जुनं झालं की तो दबतो. स्वस्तातल्या लाकडी लगद्याच्या बोर्डाला कितीही छान ग्रूव्ह घाला, काही वर्षांत तो पांढरा राहत नाही, पिवळट होतो, मग तपकिरी. वरचा रंगीत कागद शाबूत आणि ग्रूव्ह जळाल्यासारखा. म्हणून त्या बोर्डावर मी ग्रूव्ह घेतच नाही. गिऱ्हाइकाला सांगते, पैसे वाचवायचे तर फ्रेमची पट्टी साधी घ्या, बोर्ड चांगला घ्या.

चित्राभोवती रेघ ओढायची ही हौस मशीनची नाही, आमच्या धंद्याचीही नाही. आजीची पोथी आठवते. सुटी, लांबट पानं, आणि मजकुराच्या दोन्ही अंगांना तांबड्या शाईच्या दुहेरी उभ्या रेघा. अक्षरं काळी, दाट, एकमेकांना खेटून बसलेली. त्या तांबड्या रेघा नसत्या तर मजकूर पानाच्या कडेवरून सांडलाच असता. लहानपणी मला वाचता येत नव्हतं तेव्हा मी त्या रेघांवरूनच बोट न्यायची. मुघलांच्या चित्रसंग्रहांत चित्राभोवती रेघा आखणं हे वेगळं कसब होतं. सोन्याची एक, निळी एक, मध्ये कोरा कागद, परत बारीक तांबडी. या रेघाळीला जदवल म्हणत, तिच्याबाहेर फुलापानांचा रुंद हाशिया. युरोपातही हेच. सोळाव्या शतकात फ्लॉरेन्सला चित्रकार व्हासारीनं आपल्याजवळची रेखाचित्रं वहीच्या पानांवर चिकटवून त्यांच्याभोवती कमानी आणि चौकटी काढल्या. अठराव्या शतकातल्या पॅरिसमध्ये मारिएत नावाचा संग्राहक होता (१६९४–१७७४). त्याच्या चित्रांना निळं माउंट असायचं, त्यावर सोन्याची पट्टी आणि रेघा. त्याचा संग्रह विकला गेला, जगभर पांगला, तरी त्या निळ्या माउंटवरून आजही चित्र मारिएतचं होतं हे जाणकार ओळखतात. आणि आज आमच्यासारख्यांना माउंट कापायची मशीनं पुरवणारा एक मोठा कारखाना त्याच फ्लॉरेन्सच्या जवळ, चेर्ताल्दो गावात आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं.

या सगळ्या रेघा मात्र ओढलेल्या. शाईच्या, सोन्याच्या, रंगाच्या. सकाळी, संध्याकाळी, दिव्याखाली, त्या जिथल्या तिथं असतात. कापलेली रेघ तशी नसते, आणि त्या मुलाच्या प्रश्नानं मला तिथंच आणून उभं केलं होतं.

मी तसाच एक ग्रूव्ह परत कापला, त्याच मापाचा. ०.६ मिलिमीटर रुंद, म्हणजे ०.३ खोल. आधी टेबलावर आडवा ठेवला. डोक्यावर ट्यूबलाइट. उजेड सरळ वरून येतो, नालीच्या दोन्ही उतारांवर सारखा पडतो, त्यामुळे रेघ एकसारखी पांढरी. छापलेली. मग बोर्ड उचलून भिंतीला उभा टेकवला. वरचा दिवा आता वरून खाली येत होता. आडव्या रेघेचा खालचा उतार वर तोंड करून असतो, त्यावर उजेड आला. वरचा उतार खाली तोंड करून, तो सावलीत गेला. रेघ दुभंगली, अर्धी उजळ, अर्धी करडी. उभ्या रेघा मात्र तशाच पांढऱ्या, कारण त्यांच्या दोन्ही उतारांना वरचा उजेड सारखाच. ट्यूब बंद करून खिडकी उघडली, तर आता उजेड डावीकडून. उभ्या रेघा दुभंगल्या आणि आडव्या पांढऱ्या झाल्या. एकाच सेटिंगनं, एकाच ब्लेडनं, एकामागून एक कापलेल्या चार बाजू, आणि खिडकी उघडल्याबरोबर त्यांची अदलाबदल. मी कितीतरी वेळ ट्यूब लावत होते आणि विझवत होते.

मग दोन पावलं मागं गेले, आणि सगळं परत सपाट झालं. डोळ्याची मर्यादा आहे. निरोगी डोळ्याला साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाएवढं बारीक वेगळं ओळखता येतं. दोन मीटरवर ते माप भरतं जवळपास ०.६ मिलिमीटर. म्हणजे ०.६ ची अख्खी रेघ तिथून एकच रेघ म्हणून दिसते. तिचे ०.३ चे दोन अर्धे, एक उजळ आणि एक करडा, मिसळून एकच रंग होतात. दिवाणखान्यात माणसं फोटो बघतात ते दोन मीटरवरूनच, कोचावर बसून. तिथून तो मुलगा बरोबरच ठरणार होता.

तेव्हापासून मी रुंदी १.२ वर आणली. खोली ०.६, बोर्डाच्या जाडीच्या निम्म्याहून कमी, म्हणजे पाठीला पुरेसा बोर्ड शिल्लक राहतो. प्रत्येक उतार आता ०.६ चा, दोन मीटरवरून वेगळा ओळखू येण्याच्या अगदी हद्दीवर. कोचावरून रेघ कधी दुभंगते, कधी एक होते, माणूस जरा हलला, ढग आला, की बदलते. मला ती या हद्दीवरच हवी आहे. दोन मिलिमीटर रुंद करून बघितली होती. सावली ठसठशीत येते, पण मग डोळा आजोबांच्या चेहऱ्यावर जायच्या आधी रेघेवर जातो. शिवाय फोर-प्लाय बोर्डात दोनची रुंदी म्हणजे एक मिलिमीटर खोली, पाठीला फारसं काही उरत नाही. कुणाला तेवढी खोल सावली हवीच असेल तर दुप्पट जाडीचा एट-प्लाय घ्यावा लागतो, आणि त्याचा खर्च परवडणारी चित्रं आमच्याकडे थोडी.

बाबांना हे दाखवलं. त्यांची नजर आता कमी झाली आहे, मोतीबिंदूची एक शस्त्रक्रिया झाली, एक बाकी आहे. त्यांनी बोर्ड खिडकीपाशी नेला, डोक्याच्या वर धरला, तिरका केला. मग अंगठ्याचं नख नालीत घालून अख्ख्या बाजूवरून फिरवलं, कोपऱ्यात थांबले, पुढची बाजू. “आमचा असाच यायचा,” म्हणाले. “आरपार असायचा ना, तासला की रुंद व्हायचाच. बारीक करायची आम्हाला सोय नव्हती.” खरंच की. पुढं एकदा त्यांनी कापलेलं एक जुनं माउंट दुरुस्तीला आलं, तेव्हा मी मोजलं. रेघ दीड मिलिमीटरच्या वर होती. बारीकपणा हा मशीनचा गुण म्हणून माझ्या कामात शिरला होता. ते बारीक करू शकतं म्हणून मी करत होते.

कोल्हापूरला उजेडाचं वेड जुनं आहे. नोव्हेंबरात ९, १० आणि ११ तारखेला, आणि परत ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी, मावळतीची किरणं अंबाबाईच्या गाभाऱ्यात शिरतात. आज चरणांपर्यंत आली, उद्या कमरेपर्यंत, परवा मुखावर. संध्याकाळी अख्खं गाव विचारत असतं, आज कुठवर पोचली? मध्ये कुठं इमारत उभी राहिली, ढग आला, हवेत धूळ असली, की हळहळ होते. याच गावात चित्रकार आबालाल रहिमान रंकाळ्याच्या आणि कोटितीर्थाच्या काठाला बसून पाण्यावरचा उजेड रंगवत राहिले, १९३१ मध्ये गेले तोवर. जलरंगाच्या चित्राला माउंट लागतंच, कागद काचेला टेकू नये म्हणून. टेकला तर दमट हवेत काचेच्या आत धरलेलं पाणी सरळ रंगात उतरतं. इथल्या चित्रकारांची जलरंगातली कामं दुकानात येतात तेव्हा मी त्यांचं तोंड न्याहाळते, चित्रातला उजेड कुठल्या बाजूनं येतो आहे. चित्रात झाडाची सावली उजवीकडे पडली असेल आणि भिंतीवर खिडकी उजवीकडे असेल, तर ग्रूव्हची सावली चित्राच्या सावलीच्या उलट पडणार. बघणाऱ्याला हे कळतं का? सांगता येत नसेल, पण काहीतरी खटकतं एवढं मी बघितलं आहे. अशा वेळी मी रेघ बारीक ठेवते, मुद्दाम सपाट दिसेल अशी.

म्हणून हल्ली काउंटरवर माझा पहिला प्रश्न मापाचा नसतो, पट्टीचा नसतो. “लावणार कुठं? खिडकी कुठल्या हाताला?” माणसं आधी बुचकळ्यात पडतात. मग डोळे वर करून आपलं घर आठवायला लागतात. कुणी हवेत हातानं भिंत काढतं. कुणी घरी फोन लावून बायकोला विचारतं, “अगं, हॉलमधली खिडकी सोफ्याच्या उजवीकडं का डावीकडं?” कुणी सांगतं की सकाळी दहापर्यंत ऊन येतं, नंतर समोरच्या अपार्टमेंटची सावली. एक आजी म्हणाल्या, देवघरात लावणार, तिथं फक्त समईचा उजेड. समई खालून उजेड देते. मी त्यांच्या माउंटचा ग्रूव्ह खालून टॉर्च धरून तपासला, आणि तो वेगळाच दिसला, वरचा उतार उजळ, खालचा काळोखात. रुंदी थोडी वाढवली, कारण ज्योत हलते आणि बारीक नालीत ते हलणं दिसत नाही.

गेल्या आठवड्यात निवृत्त झालेल्या चित्रकलेच्या एक बाई आल्या होत्या. स्वतःच केलेलं पन्हाळ्याचं छोटं जलरंग चित्र, तटबंदी, खाली धुकं. त्यांनी माझ्या भिंतीवरचे नमुने बघितले, ग्रूव्ह असलेला बोट लावून दाखवला. “असं करा बाई, ही रेघ मला फार आवडली.” मी विचारलं, कुठं लावणार? “पॅसेजमध्ये,” त्या म्हणाल्या. “स्वयंपाकघरातून येताना दिसेल असं. तिथं अंधारच असतो दिवसभर, पण जाता-येता नजर पडेल.” दिवा? “दिवा आहे, पण तो बिघडलाय, आणि खरं सांगू का, लावत नाही कुणी.” मी थोडा विचार केला. तिथं ग्रूव्ह नुसताच करडा दिसणार होता, एक मळकट रेघ, आणि धुक्याच्या त्या चित्राला तेवढीसुद्धा रेघ जड झाली असती. “मग ग्रूव्ह नको, बाई,” म्हटलं. “साधं माउंट करू. पांढऱ्याच्या जवळचं, आणि खालचा समास चार सूत वाढवू, चित्राला बसायला जागा होईल.” त्यांनी चित्र परत समोर धरून बघितलं आणि म्हणाल्या, “चार नको, तीन करा.”

तीन लिहून घेतलं.